'मोल्डर पाहिजेत' या पाटीला उत्तर : वसाहतीतल्या फौंड्रीमालकांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, संस्था व्यवस्थापन समिती,
आणि आमच्या औद्योगिक वसाहतीतले सर्व फौंड्रीमालक

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तुमच्यापैकीच एकाकडे तो आज शिफ्ट सुपरवायझर आहे. म्हणाला, "सर, आपली भट्टी भंगारात निघालीय. बोर्डावर यादी लागलीय, बघून या." दुसऱ्या दिवशी आयटीआयमध्ये जाऊन यादी वाचली. पिट फर्नेस १. सँड मलर (माती मळायचं यंत्र) १, नादुरुस्त. मोल्डिंग बॉक्स ६४ नग. रॅमर, ट्रॉवेल, लॅडल, व्हेंट वायर वगैरे 'किरकोळ हत्यारे, अंदाजे वजनावर'. खाली कारण दिलेलं : फौंड्रीमन (धातूचं ओतकाम) ट्रेडला प्रवेश होत नसल्यामुळे समितीच्या ठरावानुसार तो येत्या सत्रापासून बंद करण्याचा प्रस्ताव असून त्या शेडमध्ये कोपाची वाढीव तुकडी सुरू करण्यात येईल.

कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा वर्षाचा कोर्स. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्या शेडच्या दारात उभं राहिलं की तुमच्यातल्या चौघांच्या फौंड्र्यांचे पत्रे दिसतात. घरी परतताना मी मुद्दाम वसाहतीतून गाडी घातली. तीन गेटांवर एकच पाटी : 'मोल्डर, कोअर मेकर, फेटलर पाहिजेत. राहण्याची सोय.' म्हणजे मातीचा साचा बांधणारा, साच्यातला पोकळीचा गाभा करणारा आणि ओतलेला नग घासून साफ करणारा. एका पाटीचा रंग उडालाय, इतकी ती जुनी आहे.

ठरावावर सह्या तुमच्या आणि पाट्याही तुमच्याच. म्हणून हे पत्र मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहितोय. गावानेही ते वाचावं, म्हणून खुलं लिहितोय.

आधी माझा संबंध सांगतो. १९८३ साली, एकोणिसाव्या वर्षी, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत उमेदवारीला लागलो. ऑइल इंजिन आणि पंपांच्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं काम. पहिले तीन महिने मी फक्त माती चाळली आणि भिजवली. आमचे मिस्त्री सातवी पास होते. मातीची मूठ दाबून धरायचे, उघडायचे, बोटांचे ठसे बघायचे, मग तो गोळा मधोमध मोडायचे. कड स्वच्छ तुटली तर "हाण". भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. पुढं आयटीआयमध्ये सँड टेस्टिंगची उपकरणं आली, ओलावा टक्क्यांत मोजता यायला लागला, तेव्हा मी हौसेनं ताडून बघितलं. मिस्त्रींनी शिकवलेली मूठ आणि यंत्राचा आकडा यांत सहसा फरक पडत नसे. ही मूठ पुस्तकातून येत नाही. शेजारी उभं राहून, शिव्या खाऊन, चार कास्टिंग ब्लो होलनं (आत अडकलेल्या वायूच्या पोकळीनं) वाया घालवून येते. सहा वर्षं फौंड्रीत काढली, मधे आयटीआय आणि निदेशकाचं प्रशिक्षण केलं, आणि १९९१ ते २०२२ अशी ३१ वर्षं शिल्पनिदेशक म्हणून हीच मूठ पोरांना शिकवली. तुमच्या वसाहतीत अशी फौंड्री दाखवा, जिथं माझ्या हाताखालून गेलेला एक तरी माणूस नाही. त्यातल्या दोघांच्या आज स्वतःच्या फौंड्र्या आहेत. म्हणजे हे पत्र त्यांनाही आहेच. तेवढा हक्क मास्तरला असतो.

आता तक्रारी.

पहिली तक्रार समितीबद्दल. ही समिती काय आहे हे गावातल्या निम्म्या लोकांना माहीतच नाही. २००७-०८ पासून केंद्राने देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारायची योजना आणली. दर संस्थेमागे अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज, आणि ते वापरायला संस्था व्यवस्थापन समिती. तिचा अध्यक्ष सरकारी साहेब नसतो, उद्योजक असतो. मुद्दाम. कुठला ट्रेड चालवायचा, कुठलं मशीन घ्यायचं, यात कारखानदाराचा शब्द चालावा हाच हेतू. सरकारने इतका अधिकार आपणहून दुसऱ्याच्या हातात दिलाय असं फार वेळा घडत नाही. आमच्याकडे काय झालं? बरीच रक्कम वर्षानुवर्षं मुदत ठेवीत राहिली. प्रवेशद्वाराला कमान झाली, ती छान आहे. बैठका बहुतेक वेळा एखाद्या हॉटेलात किंवा तुमच्या केबिनमध्ये झाल्या. फौंड्रीच्या शेडमध्ये या समितीचे पाय माझ्या आठवणीत दोनदा लागले, त्यात एकदा फोटोसाठी. मलर बंद पडल्याचा माझा अर्ज तीन बैठकांच्या विषयपत्रिकेवर होता. तो अजून 'नादुरुस्त' आहे आणि आता भंगारात चाललाय.

दुसरी गोष्ट, 'प्रवेश होत नाहीत' या वाक्याची. वाक्य खरं आहे. तुकडी २० ची आणि माझ्या शेवटच्या वर्षी पोरं ७. पण पोरं का येत नाहीत ते त्या सात जणांना तरी विचारायचं. मी निवृत्त झालो ती जागा भरलीच नाही. तासिका तत्त्वावर एक मुलगा आला, हुशार होता, चार महिन्यांत तुमच्याच एका फौंड्रीत जास्त पगारावर गेला. त्यानंतर वेल्डरचे निदेशक दोन्हीकडं बघायचे. वितळलेला धातू वर्षभरात एकदाही न बघता फौंड्रीमनचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला मुलगा मला माहीत आहे. अशा ट्रेडला कोण आपलं पोर घालेल? आधी विहिरीवरची मोटर काढून न्यायची आणि मग म्हणायचं, रान नापीक आहे, एनए करून टाका.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. शिकाऊ उमेदवार.

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. आजच्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मर्जी. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० केलं आणि त्यातला चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. कायदा म्हणतो की हे पोर कामगार नाही, शिकणारा आहे. त्याला ठरलेला अभ्यासक्रम शिकवायचा, त्याची नोंद ठेवायची, सरकारी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवायचं नाही.

आमच्या वसाहतीत तो काय करतो? फेटलिंग. वर्षभर फेटलिंग. ग्राइंडर हातात, तोंडाला रुमाल, डोळ्याला कधी चष्मा कधी नाही. मोल्डिंगवर त्याला फिरकू देत नाहीत, कारण मोल्ड बिघडला तर उत्पादन अडतं. कोअरशॉपमध्ये नाही, कारण तिथं ठेक्याची माणसं आहेत. मेल्टिंगला तर नाहीच. धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरची खोली त्यानं काचेबाहेरून बघितलेली असते. वर्ष संपलं की परीक्षेआधीच्या आठवड्यात लॉगबुक एका बैठकीत भरलं जातं. ते भरून घ्यायला दोन पोरं माझ्याच घरी आली होती, "सर, काय काय शिकलो ते तुम्हीच लिहा." मी लिहिलं नाही. ती पोरं माझ्यावर नाराज झाली, आणि त्यांचंही चुकलं नाही.

यात भर पडली २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची. सहा महिने सरकारी किंवा खासगी आस्थापनेत काम, बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. पुढे आणखी पाच महिने वाढवली. त्या अकरा महिन्यांनंतर पोरं मोर्चे काढत फिरली ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. योजना चांगली की वाईट ते बाजूला ठेवू. पण एका बापाच्या जागेवरून हिशेब करा. आयटीआय झालेल्या पोराला ग्रामपंचायतीत पंख्याखाली बसून दाखले टाइप करायला ८,०००, आणि तुमच्या भट्टीपुढं, मे महिन्यात, कायद्याच्या तेव्हाच्या किमान दरानं सातेक हजार. वर शिकवणार काहीच नाही. मग तुम्ही असोसिएशनच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन म्हणता, "आजच्या तरुणांना कष्ट नको आहेत." मी त्या कार्यक्रमात तिसऱ्या रांगेत बसलो होतो. टाळ्या बऱ्याच वाजल्या.

बिहार-उत्तर प्रदेशातून येणाऱ्या पोरांबद्दल मी एक शब्द वाकडा बोलणार नाही. वसाहत तीच चालवतात. पण २०२० च्या टाळेबंदीत ती पायी गावाकडं निघाली तेव्हा तुमच्या भट्ट्या महिनोन्‌महिने धड पेटल्या नाहीत, हेही तुम्हीच मला सांगितलंत. दर छठपूजेला थोड्या प्रमाणात तेच होतं. ठेकेदाराकडून आलेल्या त्या पोरांनाही तुम्ही काही शिकवत नाही. दहा वर्षं मोल्डिंग करून त्यांच्या खिशात एक कागद नसतो. स्थानिक विरुद्ध बाहेरचा असं भांडण लावणाऱ्यांपैकी मी नाही. माझं म्हणणं एवढंच की तुम्ही दोघांचंही शिक्षण कुणा तिसऱ्यावर ढकललंत आणि तो तिसरा अस्तित्वातच नाही.

शाळांचं थोडक्यात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय की २०२५ पर्यंत शाळा-कॉलेजातल्या निदान निम्म्या मुलांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडं काढावेत. आमच्या तालुक्यात ते दहा दिवस कुठं गेले कुणास ठाऊक. दोन मुख्याध्यापकांनी मला सांगितलं की फौंड्री बघायला मुलं पाठवू का, असं त्यांनी वसाहतीत विचारलं होतं. उत्तर आलं, "सेफ्टीचा प्रश्न आहे." असेलच. पण मग सेफ्टीचा प्रश्न असलेल्या जागी अठरा वर्षांचं पोर रुमाल बांधून उभं कसं चालतं?

हे असं सगळीकडं नसतं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीची मुलं तिथं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रोपं करतात, आणि गावची खरी कामं पैसे घेऊन करतात. तो अभ्यासक्रम पुढं कितीतरी शाळांत गेला. मी दोनदा जाऊन आलो. आठवीतली एक मुलगी मला टॅकिंग (तात्पुरते टाके) आणि पूर्ण वेल्ड यातला फरक समजावून सांगत होती, मी वेल्डरच्या निदेशकाशेजारी बसणारा माणूस आहे हे तिला माहीत नव्हतं. मी गप्प ऐकून घेतलं, बरोबर सांगत होती. आणि आपल्या भागाला तर हे शिकवायला पाबळला जायची गरजही नाही. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापड गिरणी काढली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. कारखाना आणि शाळा एकाच माणसाच्या डोक्यात होती. कर्मवीरांची 'कमवा आणि शिका' इथून हाकेच्या अंतरावर, साताऱ्यात वाढली. जयंतीला हार तुम्हीही घालता, मीही घालतो.

आता माझ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आम्ही निदेशकही कमी पडलो. तुमच्याकडं हाय प्रेशर मोल्डिंग लाइन आल्या, इंडक्शन फर्नेस आल्या, आम्ही हातानं रॅमिंग, म्हणजे साच्यात माती ठोकणं, शिकवत राहिलो. सुट्टीत पंधरा दिवस तुमच्याकडं येऊन नवीन मशीन शिकून घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं. दोन वेळा गेलो, ३१ वर्षांत. आणि दुसरी गोष्ट बोलायला जड जाते. माझा मुलगा पुण्यात बँकेत आहे. दहावीनंतर त्याला फौंड्रीमनला घाल असं माझे मिस्त्री म्हणाले होते, तेव्हा ते हयात होते. मी घातलं नाही. कारण मला फेटलिंगच्या शेडमधली धूळ माहीत होती, त्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग, सिलिकोसिस, काय असतो ते माहीत होतं, आणि मोल्डरला दहा वर्षांनी किती पगार मिळतो तेही माहीत होतं. मी स्वतःचं पोर घातलं नाही आणि दुसऱ्यांची पोरं गोळा करत फिरलो. म्हणून मी पालकांना दोष देत नाही. त्यांनी माझ्यासारखाच हिशेब केला. हिशेब बदलायचा तर तो तुमच्या हातात आहे, कारण पगार आणि धूळ दोन्ही तुमच्या आवारात आहेत.

तर माझ्या मागण्या अशा आहेत. यातली एकही सरकारच्या नव्या जीआरची वाट बघत बसावी अशी नाही.

भट्टीचा आणि मोल्डिंग बॉक्सचा लिलाव थांबवा. ट्रेड बंद करण्याचा ठराव दोन वर्षं स्थगित ठेवा. कोपाची तुकडी जरूर सुरू करा, वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत, चावी प्राचार्यांकडं आहे.

समितीची बैठक दर तीन महिन्यांनी आयटीआयच्या आवारातच घ्या आणि इतिवृत्त बोर्डावर लावा. ठेवीत किती रक्कम आहे तेही लावा. मलर दुरुस्त करायला किती लागतील त्याचं कोटेशन माझ्याकडं आहे, जुनं आहे, पण आहे.

निदेशकाची जागा सरकार भरेल तेव्हा भरेल. तोवर वसाहतीतल्या पाच फौंड्र्यांनी आपला एकेक जाणता मिस्त्री आठवड्यातून एक दिवस आयटीआयमध्ये पाठवावा, पगारी. सोमवार ते शुक्रवार भरला. पोरांना पाच हातांच्या पाच पद्धती बघायला मिळतील, हा फायदा मला स्वतःला कधी देता आला नाही. शनिवारी मी येतो, मला मानधन नको. त्याच पाच फौंड्र्यांनी ड्युअल सिस्टीमचा करार करावा, म्हणजे थिअरी इथं आणि ठरलेले महिने प्रत्यक्ष लाइनवर. योजना आहे, नमुना करार आहे, फक्त सही लागते.

शिकाऊ उमेदवाराला पहिल्याच दिवशी एक कार्ड द्या. कुठल्या महिन्यात तो सँड प्लांटला, कधी मोल्डिंगला, कोअरला, मेल्टिंगला, फेटलिंगला, तपासणीला, ते त्यावर लिहिलेलं असावं. प्रत्येक विभागाच्या मिस्त्रीची सही महिन्याच्या महिन्याला घ्यावी. फेटलिंगला दोन महिन्यांपेक्षा जास्त नको. बूट, चष्मा आणि खरा मास्क त्याच दिवशी द्या. विद्यावेतन दहा तारखेच्या आत खात्यावर जमा करा. मुलीही घ्या. कोअरशॉप आणि सँड लॅबमध्ये त्यांना अडचण यावी असं काहीच नाही, फक्त स्वच्छतागृह बांधावं लागेल. पाचसहा ठिकाणी ते नाही हे मला माहीत आहे.

ठेक्याच्या जुन्या कामगारांना त्यांच्या येत असलेल्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. वर्षाला दहा-दहा जणांना तरी पाठवा.

आणि एक मागणी तुम्हाला झोंबेल. वसाहतीच्या ऑफिसबाहेर एक फलक लावा : आमच्याकडं प्रमाणपत्रधारक मोल्डरला पहिल्या वर्षी इतका पगार, पाचव्या वर्षी इतका, दहाव्या वर्षी इतका. आकडे सगळ्यांनी मिळून ठरवा, पण खरे लिहा. दहावीच्या निकालानंतर मी तो फलक घेऊन तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलमध्ये जाईन, मुलांबरोबर त्यांच्या आयांनाही बोलवा म्हणेन. आकडे लिहिण्यासारखे नसतील, तर गेटवरच्या पाट्या काढून टाका. निदान रस्त्यावरून जाणाऱ्या पोराची फसवणूक तरी होणार नाही.

केंद्राने २०२५ मध्ये हजार सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली, त्यातला काही वाटा उद्योगांनी उचलायचा आहे. आपल्या आयटीआयचा त्यात नंबर लागेल का, याची चौकशी बैठकीत झाली असं कळलं. जरूर करा. पण अडीच कोटींत जे शेडपर्यंत पोचलं नाही, ते जास्त पैशांनी पोचेल असं मला वाटत नाही. एक कास्टिंग रिजेक्ट झालं की धातू परत वितळवता येतो, जळालेली वीज परत मिळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

लिलाव २४ तारखेला सकाळी अकराला आहे. मी दहा वाजता शेडच्या दारात असेन. ज्यांना ठरावाबद्दल बोलायचंय त्यांनी यावं. चहा माझ्याकडून.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (फौंड्रीमन),
जि. कोल्हापूर

ता. क. : यादीत मोल्डिंग बॉक्स ६४ लिहिलेत. डेड स्टॉक रजिस्टरला ७१ आहेत. बाकीचे सात मागच्या भिंतीला, पत्र्याखाली, मीच २०२१ च्या पावसाळ्यात लावून ठेवले होते. गंज फारसा नाही. काहीही ठरलं तरी नोंद दुरुस्त करून घ्यावी.